समुद्राखालची वहिनी

जगात कुठेही दोन देशांचं बिनसलं की पहिला ताप मला चढतो. तसा माझा त्यांच्याशी काही संबंध नाही. मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात दुरुस्तीच्या खिडकीवर बसतो. दाखल्यात ज्यांचं नाव चुकलंय ते लोक माझ्यापुढे रांग लावतात आणि कोणता कागद कमी आहे ते सांगून मी त्यांना परत पाठवतो. "एवढ्याशा कान्याने काय बिघडतं हो साहेब?" असं त्यांतला एक तरी रोज विचारतोच. त्याला मी शांतपणे सांगतो, "कान्याने माणूस बदलतो." हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि मला ते आवडतं. पण माणूस खिडकीत बसतो म्हणून त्याने जगाकडे पाठ फिरवावी, असं कुठल्याही सेवानियमात लिहिलेलं नाही.

म्हणून मी 'विश्वमंथन'चा सभासद झालो. हे इंटरनेटवरचं चर्चापीठ आहे. तिथे सगळे टोपणनावाने लिहितात आणि जगाचे प्रश्न सोडवतात. माझं टोपणनाव 'तटस्थ', आणि ते माझंच हे मी घरी, इमारतीत आणि कार्यालयात सगळ्यांना सांगून ठेवलंय. हे नाव घेतल्यापासून माझी रोज कुणाशी तरी जुंपलेली असते. बहुतेक वेळा ती 'शांतिदूत' नावाच्या गृहस्थाशी असते. या शांतिदूताने आजवर एकही चर्चा शांततेत संपू दिलेली नाही. उपग्रह आकाशात सोडताना खालच्या देशाची परवानगी घ्यावी का, चिप कुणी बनवाव्यात आणि कुणी नुसत्या विकत घ्याव्यात, यंत्राला बुद्धी आली तर माणसाचं काय होणार, असे आमचे विषय. त्या शेवटच्या विषयावर आम्ही इतकं लिहिलं की माणसाला मुळात बुद्धी आहे का, अशी शंका इतर सभासदांना यायला लागली.

अशात एक बातमी आली. कुठल्याशा समुद्रात एका जहाजाचा नांगर तळाला घासत गेला आणि तिथली इंटरनेटची केबल तुटली. नांगर चुकून घासला असं एक देश म्हणाला. चुकून एवढा लांब घासत नाही, असं दुसरा म्हणाला. आमच्याकडे लगेच दोन तट पडले. पण मी मात्र तटस्थ असूनही वेगळ्याच कारणाने गप्प झालो होतो. इंटरनेट समुद्राखालून येतं हेच मला माहीत नव्हतं. माझी समजूत होती की ते आकाशातून येतं. आणि ही समजूत एकट्या माझीच नाही. फोनला रेंज नसली की आपण हात वर करतो, खिडकीशी जातो, गच्चीवर पळतो. फोन घेऊन जमिनीशी वाकलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मग मी वाचायला लागलो, आणि जितकं वाचलं तितकं नवल वाढत गेलं. ही केबल खोल समुद्रात बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढीच जाड असते. आत केसासारख्या बारीक काचेच्या तारा, आणि त्यांतून धावणारा प्रकाश. तुटली की एक खास जहाज जातं, आकडा टाकून दोन्ही टोकं वर ओढतं आणि डेकवर बसून माणसं ती काच काचेला जोडतात. साऱ्या जगाचा कारभार असा एका पाइपावर चाललेला, आणि कुणाला पत्ता नाही. हे सगळं मी रोज जेवताना घरच्यांना सांगू लागलो. घरी आम्ही चौघं: थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, मी आणि माझी बायको. दादा म्हणायचा, "समुद्राचं राहू दे, न्हाणीघरातला नळ गळतोय तो बघ." बायको एका हाताने जेवायची आणि दुसऱ्या हाताने फोन बघायची, म्हणजे समुद्राखालून आलेलंच काहीतरी बघायची, पण समुद्राकडे तिचं लक्ष नसायचं. वहिनी वाढता वाढता मधूनच "हं, मग?" म्हणायच्या. ते मला उद्देशून असायचं की कुकरला, हे मी कधी तपासलं नाही.

'विश्वमंथन'वर मात्र मी कंबर कसून उतरलो. पहिला वाद शब्दावरून झाला. सगळे 'केबल, केबल' लिहीत होते. मी म्हटलं, आपल्या भाषेत शब्द असताना उसनवारी कशाला? 'समुद्रतळवाहिनी' म्हणा. त्यावर शांतिदूताने लिहिलं की हा शब्द उच्चारून होईपर्यंत जहाज येईल, नांगर टाकेल, केबल तोडेल आणि घरी जाऊन जेवेल. असा शब्द जगात कुठे लिहिलेला दाखवा, मी तटस्थांना गुरू मानीन, असंही तो म्हणाला. मी चार पावलं मागे आलो आणि जाहीर केलं की निदान 'वाहिनी' तरी म्हणू या. मग एका रविवारी दुपारी मी त्या विषयावर सविस्तर लेख लिहायला घेतला.

लेख गच्चीवर बसून फोनवर लिहिला. माझा फोन समजूतदार आहे. एखाद-दुसरं अक्षर टाकलं की तो अख्खा शब्द पुढे करतो, आपण फक्त टिचकी मारायची. विचारांच्या भरात मी टिचक्या मारत गेलो. शेवटचा परिच्छेद आला तेव्हा वारा सुटला, वाळत घातलेल्या चादरी उडायला लागल्या आणि खालून बायकोच्या हाका सुरू झाल्या. एक चादर खांद्यावर, दुसरी दातांत, अशा अवस्थेत मी 'प्रकाशित करा' दाबलं. जागतिक महत्त्वाचं लिखाण कोणत्या परिस्थितीत होतं, याची वाचकांना कल्पना नसते.

लेखाचा गाभा मी इथे जसाच्या तसा देतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

"जगाचा सारा कारभार आज एका वहिनीवर चालला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? ती दिसत नाही, म्हणून तिची आठवण कुणाला होत नाही. सगळं आयतं हातात येतं, पण ते कोण आणून देतं हे आपण विचारतो का? आपली वहिनी आता जुनी झाली आहे. तिच्यावर क्षमतेबाहेर भार पडतो आहे. दोन बलाढ्य शक्ती तिला आपापल्या बाजूला ओढत आहेत आणि काही जण तर तिला चोरून कान लावून बसले आहेत. उद्या ती तुटली तर आपलं काय होईल? दुसऱ्या वहिनीची तजवीज आत्तापासूनच करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे."

संध्याकाळी पाहिलं तर प्रतिसादांचा पाऊस. माझ्या लेखाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. एकाने लिहिलं होतं, "तुमच्या धैर्याला सलाम." दुसऱ्याने, "थोरल्या बंधूंना कल्पना आहे का?" मला वाटलं, थोरला बंधू म्हणजे एखादा महाबलाढ्य देश असेल, राजकारणात असं बोलतात. शांतिदूताने तर कमालच केली. "तटस्थ यांच्या घरगुती प्रश्नात मी प्रथमच त्यांच्या बाजूने आहे," असं त्याने लिहिलं. मी चिडलो. हा घरगुती प्रश्न कसा? ताबडतोब टिचक्या मारून उत्तर दिलं: "हा घरगुती प्रश्न नाही. वहिनी कुणा एका घराची नसते. तिच्यावर साऱ्या जगाचा हक्क आहे." त्यानंतर काही वेळ कुणी काहीच लिहिलं नाही. मला वाटलं, मुद्दा पटला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून आलो तर समोरच्या दारातले दंतवैद्य जिन्यातच उभे होते. हे आमचे शेजारी. स्वभावाने मदतीला तत्पर, पण कुठलीही गोष्ट तोंड उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी माझा लेख त्यांच्या फोनवर दाखवला. कुणीतरी त्याचं छायाचित्र काढून फिरवलं होतं, ते फिरत फिरत आमच्या इमारतीच्या गटावर पोचलं होतं. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग जिन्याच्या पायरीवर बसलो. वाहिनीचा काना सगळीकडे पडला होता. एकही जागा सुटली नव्हती.

दंतवैद्यांनी माझा फोन मागितला आणि त्यात 'व' टाकला. फोनने लगेच 'वहिनी' पुढे केलं. त्यांनी टिचकी मारली. पुढचा शब्द फोनने आपणहून सुचवला, 'कुठे'. त्यापुढे 'आहे'. पुन्हा पहिल्यापासून केलं तर 'वहिनी डबा', मग 'वहिनी किल्ली', 'वहिनी चष्मा'. दंतवैद्य आरशात दाढ बघावी तसं ते निरखत राहिले आणि म्हणाले की यात फोनचा दोष नाही, माणूस दिवसभर जे लिहितो तेच तो शिकतो, मूळ तुमच्याकडेच आहे. काढायचं की भरायचं तेवढं तुम्ही ठरवा, असा सल्ला देऊन ते आत गेले.

आता दुरुस्ती करणं आलं. माझा आयुष्याचा धंदाच दुरुस्तीचा, त्यामुळे मला त्यात काही अवघड वाटलं नाही. पण 'विश्वमंथन'वर प्रकाशित झालेला मजकूर थोडा वेळच बदलता येतो. नंतर 'दुरुस्ती कक्षा'कडे विनंती करावी लागते. मी केली. उत्तर आलं की मूळ शब्द, नवा शब्द, चूक कशी झाली आणि यापूर्वी अशी चूक झाली आहे का, ते कळवावं. कळवलं. मग उत्तर आलं, "एका कान्याने अर्थात फरक पडतो, हे कृपया पुराव्यासह स्पष्ट करावे." हे वाचून मला पहिल्यांदाच माझ्या खिडकीची दुसरी बाजू कशी दिसते ते कळलं, आणि ती मुळीच चांगली दिसत नव्हती. तेही स्पष्ट केलं. तेव्हा त्यांना नियम आठवला की दोन ज्येष्ठ सभासदांचं अनुमोदन लागतं. एक जण मिळाला. दुसरे ज्येष्ठ म्हणावेत असे एकच उरले होते, शांतिदूत. मी अपमान गिळून त्याला विनंती केली. "विषयाचा अभ्यास करून कळवतो," असं त्याचं उत्तर आलं.

इकडे कार्यालयातही बातमी पोचली होती. वडिलांच्या नावात काना कमी असलेला एक माणूस गेले कित्येक दिवस माझ्याकडे खेटे घालत होता. तो पुढच्या सकाळी खिडकीशी आला, कागद आत सरकवले आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, तुमचं खरं होतं. कान्याने माणूस बदलतो." रांगेतले चार जण हसले. मी त्याचे कागद पाहिले आणि सही करून टाकली. कधी नव्हे तो पहिल्या फटक्यात काम झाल्यामुळे तो बिचारा बराच वेळ तिथेच उभा होता.

घरी आलो तर दादा बैठकीत येरझारा घालत होता. बायको दाराआड उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळत होतं. दादाने फोन माझ्यापुढे धरला. तो रागावला की हळू बोलतो.

"जुनी झाली म्हणे. आणि तेही एकेरीत."

मी म्हटलं, "दादा, ऐक तर खरं, ते वहिनी नाहीच."

"मग कोण? आणि दोन बलाढ्य शक्ती म्हणजे कोण ते एकदा सांगून टाक."

बायको दाराआडून म्हणाली की एक कोण ते तिला माहीत आहे, दुसरी कोण तेवढंच कळू दे. आणि चोरून कान लावून बसणारे कोण, तेही. मी काना, फोन, समुद्र, नांगर सगळं एका दमात सांगायला तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत बाहेर आल्या. वहिनींच्या हातात त्यांचा फोन होता. म्हणजे त्यांनीही वाचलं होतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "या घरात इतकी वर्षं झाली, पण उद्या मी तुटले तर काय, हा विचार कुणी केला नव्हता. तुम्ही केलात."

जन्मभर लोकांच्या चुका शोधून खाणारा माणूस मी, पण 'वहिनी, तिथे फक्त काना राहिलाय' हे एवढंसं वाक्य त्या क्षणी मला उच्चारता आलं नाही. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा मी बरीच वर्षं पाहिलाच नव्हता. आवाज ऐकत होतो, डबा घेत होतो. वहिनी पुढे म्हणाल्या की त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणी दर वर्षी समुद्राकाठी घर घेऊन आठवडाभर राहतात. दर वर्षी त्यांना बोलावतात आणि दर वर्षी त्या नाही म्हणतात, कारण इथलं कोण बघणार. या वर्षी त्यांनी हो कळवलं आहे. एवढं सांगून त्या परत आत गेल्या, कारण कुकरची शिट्टी झाली होती.

रात्रीच्या जेवणाआधी मी दादाला गॅलरीत गाठलं आणि सगळा उलगडा केला. तो ऐकत राहिला. कुंडीतली दोनचार सुकी पानं खुडली. मग म्हणाला, "तिला यातलं काही बोललास तर बघ. जाऊ दे तिला." थोड्या वेळाने त्याने मला विचारलं की बलाढ्य शक्तींपैकी एक म्हणजे तोच ना? मी म्हटलं, अरे, ते देश आहेत. तो म्हणाला, "ते कळलं रे," आणि उरलेली पानंही खुडली. त्यांतली काही चांगली हिरवी होती.

आता माझी गंमत बघा. काल ज्या दुरुस्तीसाठी मी दारोदार फिरत होतो, ती होऊ नये म्हणून आज धडपडत होतो. कारण वहिनी रोज तो लेख उघडून बघत होत्या. प्रतिसाद वाढतच होते आणि त्यांची जातच बदलली होती. कधी एक शब्द न लिहिलेले सभासद लिहायला लागले होते. एकाने लिहिलं, आमची मावशी तशीच होती. एका बाईंनी लिहिलं, ती जुनी झालेली वहिनी मीच आहे, आणि माझा दीर याच चर्चापीठावर दुसऱ्या देशांच्या सीमा आखत असतो. त्यांचा दीर म्हणजे शांतिदूतच असणार हे मला कळलं, पण मी बोललो नाही. जहाज, नांगर, दोन देश, सगळं बाजूला पडलं होतं. आणि मी, ज्याला कुणी विषयाला सोडून बोललेलं खपत नाही, तो एकेक प्रतिसाद कुतूहलाने वाचत होतो. जगात एवढ्या तारा लोळतायत आणि आपल्याला एकीचाही पत्ता नाही, असं वाटत होतं. मी दुरुस्ती कक्षाला कळवलं की माझी विनंती मागे घेतो. त्यांचं उत्तर आलं, विनंती मागे घेण्यासाठी दोन ज्येष्ठ सभासदांचं अनुमोदन लागेल.

वहिनी गेल्या. निघताना त्यांनी काही सूचना दिल्या नाहीत, कुठे काय ठेवलंय ते सांगितलं नाही. नुसतं "येते" म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर आमच्या घरात जे झालं त्याला मोठ्या वर्तमानपत्रांत 'सेवा खंडित' म्हणतात. पहिल्या सकाळी साखर सापडली नाही. मीठ सापडलं, ते साखरेच्या डब्यात होतं, म्हणजे तो साखरेचा डबा नव्हता. गॅसवाला आला, त्याला द्यायचं पुस्तक कुठे असतं ते कुणालाच माहीत नव्हतं. दादाला त्याच्या गोळ्या सापडल्या, पण कोणती सकाळची आणि कोणती रात्रीची ते सापडलं नाही. तो दंतवैद्यांकडे गेला आणि जीभ दाखवून आला. बायकोने आणि मी स्वयंपाक केला. त्याबद्दल इतकंच सांगतो की त्या दिवशी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला आम्ही आग्रह केला तरी तो जेवायला थांबला नाही. माझा हात दर थोड्या वेळाने फोनकडे जात होता. 'व' टाकला की फोन विचारायचा, 'वहिनी कुठे आहे?' आणि मी त्याच्याकडे बघत बसायचो.

आम्ही ठरवलं होतं की त्यांना निरोप पाठवायचा नाही. पण तिघांनीही एकमेकांच्या नकळत पाठवला. दादाने गोळ्यांचं विचारलं, बायकोने पुस्तकाचं, मी चष्म्याचं. कुणालाच उत्तर आलं नाही. चष्मा माझ्या नाकावरच होता, हे मला दुपारी कार्यालयात कळलं.

आणि अशात एक दिवस जेवणाच्या सुट्टीत 'विश्वमंथन' उघडलं. शांतिदूताचा अभ्यास पुरा झाला होता. आयुष्यात एकदाच त्याला माझा कळवळा आला आणि तो नेमका तेव्हा आला. त्याने अनुमोदन दिलं होतं आणि दुरुस्ती कक्षाने तत्परतेने दुरुस्ती केली होती. वर ठळक सूचना: "सदर लेखात 'वहिनी' ऐवजी 'वाहिनी' असे वाचावे. विषय समुद्रातील केबलचा आहे." एवढ्यावरच थांबले असते तर बरं होतं. पण कक्षातल्या कुणा कार्यतत्पर माणसाने तो शब्द सरसकट बदलला होता, सगळ्यांच्या प्रतिसादांत सुद्धा. त्यामुळे आता तिथे लोक लिहीत होते, "आमच्या वाहिनी दिवसभर उभ्या असतात, गुडघे गेले," आणि "मी लहान असताना मोठ्या वाहिनींनी मला कडेवर घेतलं होतं." त्या अनोळखी बाईंचं वाक्य होतं, "ती जुनी झालेली वाहिनी मीच आहे."

माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. समुद्राकाठच्या घरात वहिनी फोन उघडतायत, ती सूचना वाचतायत, आणि मैत्रिणींनी विचारलं तर काही नाही म्हणून सांगतायत. मग सामान भरून दुसऱ्या दिवशी परत येतायत आणि पुन्हा कुणाला काही न बोलता कुकर लावतायत. मला फार वाईट वाटलं. खिडकीवर रांग होती, पण मला समोरच्या माणसाचं नावही धड वाचता येईना.

दुपारी फोन वाजला. घरच्या गटावर वहिनींनी छायाचित्र पाठवलं होतं. मोठा समुद्र, वाऱ्याने उडालेले केस, आणि वहिनी एका गंजक्या पाटीला टेकून हसत उभ्या. पाटीवर सरकारी अक्षरांत लिहिलं होतं:

'सूचना. येथे समुद्रतळवाहिनी आहे. नांगर टाकू नये.'

खाली वहिनींनी लिहिलं होतं, "भाऊजी, तुमची ती हीच ना?"

मी ते किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. माझा शब्द, मी सांगितला तसाच्या तसा, एका पाटीवर सरकारी रंगात रंगवलेला. हे छायाचित्र 'विश्वमंथन'वर टाकलं असतं तर शांतिदूत जन्मभर माझा शिष्य झाला असता. पण वहिनी पाटीला अशा टेकल्या होत्या की त्यांना कापून पाटी ठेवता येत नव्हती. मी फोन खिशात ठेवला. ज्ञानी माणसाला कधीकधी अज्ञानी लोकांना तसंच सोडून द्यावं लागतं.

वहिनी ठरलेल्या दिवशी परत आल्या, एक दिवसही आधी नाही. रंग रापला होता, आणि पिशवीत शंख होते ते त्यांनी कुणाला न विचारता खिडकीत मांडले. सगळे पांगल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं की त्यांना हे कधी कळलं.

"पहिल्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "महिनाभर जेवताना तुमचं ते समुद्रपुराण ऐकत कोण होतं? पाइपाएवढी जाड, आत काच, तुटली की जहाज. मला पाठ झालंय."

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

वहिनींनी ओट्यावरचा डबा उघडला. त्यात साखर होती. तिथे ती कुणी ठेवली ते त्यांनी विचारलं नाही.

"सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्ती केली असती," त्या म्हणाल्या. "आणि भाऊजी, काना सोडला तर त्यात चुकीचं काय होतं?"

मी बरंच शोधलं. चुका शोधणं हा माझा व्यवसाय आहे. एकही सापडली नाही.

वहिनी बाहेर जाऊन बसल्या, कारण चहा त्यांनी करायचा नाही असं दादाने सकाळीच जाहीर केलं होतं. तो आत आला, बाही वर केली आणि भांड्यात पाणी ओतलं. दुसऱ्या वहिनीची तजवीज झाली होती, पण तिची क्षमता अजून फारच कमी होती. थोड्या वेळाने त्याने मला हळूच विचारलं, वहिनीला विचार ना, चहाचा डबा कुठे आहे. मी म्हटलं, नांगर टाकू नये. मग आम्ही दोघं मिळून शोधायला लागलो.